चाळीसचा बल्ब

दिवेराव कोणत्याही दिव्याला पहिल्यांदा हात लावायचे तो उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने. "शॉक बसला म्हणजे मूठ आवळते, तंबी. उलटा हात आपोआप मागे येतो," असं ते सांगत. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. मेन स्विच स्वतः बंद केलेला असला तरी त्यांची ही रीत चुकत नसे.

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या आमच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीत, सगळे एकटे राहणारे पुरुष, त्यात मी एकटा मराठी. नोकरी शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात. दिवेराव मागच्या गल्लीत राहत. हे नाव आम्हीच ठेवलेलं. तंजावरचे मराठी, जन्म रेडिओच्या दुकानात दुरुस्ती करण्यात गेलेला, सत्तरी ओलांडलेली. मी साताऱ्याचा म्हटल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले, "तर मग तुम्ही आमचेच. आमचे पूर्वज तिकडूनच आले. जेवावयास या." त्यांचं जुन्या पोथीतलं मराठी ऐकून मला हसू यायचं. माझं भरभर बोलणं ऐकून त्यांना बहुधा धाप लागत असावी.

जर्मनीतलं ट्रेनिंग संपवून येताना मी कागदी शेडचा एक टेबललॅम्प आणला होता. त्याचा बल्ब आट्यांचा. तो उडाला, आणि आमच्या भागात सगळ्या दुकानांत बल्ब दोन पिनांचे. होल्डर बदलायचा, तर दिव्याच्या नळीचे आटे मिलिमीटरचे आणि आपल्या होल्डरचे इंचाचे. "सक्तीने बसेल. पण ही सोयरीक टिकणार नाही," दिवेराव म्हणाले. मग तीन दिवस खपून त्यांनी पितळेचं एक बुश, म्हणजे जोडनळी, केलं, आतून एका मापाचे आणि बाहेरून दुसऱ्या मापाचे आटे हाताने पाडून. आमच्या कारखान्यात हे काम लेथवर दहा मिनिटांचं, असं मी त्यांना ऐकवलंही. ते नुसते हसले. होल्डर बसवल्यावर शेडच्या आत त्यांनी पेन्सिलीने ४० लिहिलं आणि बजावलं, "चाळीस वॉटच्या वर नको. कागद तापतो."

चाळीसच्या उजेडात मला ड्रॉइंग नीट दिसेनात. महिन्याभराने मी शंभरचा लावला. आठवडाही गेला नाही, एका संध्याकाळी खोलीत धूर झाला. शेड करपली, होल्डर काळा पडून तडकला. वॉचमन धावत जाऊन दिवेरावांना घेऊन आला. ते येईपर्यंत मी फडक्यात धरून बल्ब काढला आणि कचऱ्यात टाकला.

"बल्ब केवढा होता?" त्यांनी विचारलं. दारात पाच-सहा शेजारी जमले होते.

"चाळीसचा," मी म्हणालो.

त्यांनी तडकलेला होल्डर उलट्या हाताने चाचपला. "मग माझाच हात चुकला. क्षमा करा." त्यांनी हात जोडले. मी ते जोडू दिले.

दुसऱ्या दिवसापासून दिवेराव घरोघर फिरू लागले. आजवर जिथे जिथे होल्डर बसवला होता, तिथे जाऊन तो उघडायचा, तपासायचा, पुन्हा बसवायचा. स्टूल धरायला सोबत बायको. एकदा कंपनीच्या बसमधून उतरलो तर ते कोपऱ्यावरच्या मेसमध्ये स्टुलावर चढलेले, बायकोने स्टूल दोन्ही हातांनी धरलेलं. मी तोंड लपवून दुसऱ्या गल्लीने घरी गेलो. माझी मला किळस आली.

तीन आठवड्यांनी ते खोलीवर आले. "सर्व घरें पाहिलीं. कोठे दोष नाही. मग तुमच्याच दिव्यात कां चुकलों? तुम्ही इंजिनीयर. तुम्हांस काय वाटतें?"

खरं सांगायची इतकी सरळ संधी पुन्हा मिळणार नव्हती. "वय झालं, राव," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "बरें झालें, तुम्ही सांगितलें. दुसऱ्याने माझें मन राखलें असतें." हत्यारांची पेटी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले.

जानेवारीत पोंगलचा सण झाल्यावर दोघं नवराबायको मुलीकडे तंजावरला कायमची निघाली. शंभरच्या बल्बचं सांगायचं ठरवूनच मी एग्मोर स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत मी त्यांचं सामान सीटखाली सारलं, पाण्याची बाटली आणून दिली, आणि गाडी हलल्यावर हात हलवला.