ताईच्या बैठकीचं इतिवृत्त

मला दोनच गोष्टी बऱ्या येत होत्या, शॉर्टहँड आणि नकला. दोन्ही एकत्र करू नयेत, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो. मी भांडुपच्या एका कारखान्यात स्टेनो. साहेबांच्या तोंडून शब्द निसटला की माझ्या वहीत पडलाच! नकलांना मात्र मागणी फक्त गणपतीत. (त्यावरून अर्ध्या चाळीने अबोला धरलेला.)

ताईला कांदिवलीचं स्थळ सांगून आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. आमचे वडील हेडक्लार्क, तोंडी बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही. बैठकीच्या दिवशी म्हणाले, "तू कोपऱ्यात बस आणि सगळं लिहून घे. उद्या कुणी शब्द फिरवायला नको."

सगळं म्हणजे सगळं! मी लिहीत सुटलो.

लग्न मे महिन्यात, मुलुंडलाच, असं ठरलं. वडील ऐटीत म्हणाले, "वाच रे, काय काय ठरलं ते."

माझी एक खोड आहे. ज्याचं वाक्य, ते त्याच्याच आवाजात तोंडातून बाहेर पडतं. पहिलं वडिलांचं निघालं, पाहुणे हसले, मला चेव आला. पुढचं मुलाच्या आत्याबाईंचं होतं, त्यांनी ताईबद्दल भावजयीच्या कानात सांगितलेलं: "चेडू बरा आसा, पण बापूस लय बडबडता." तेही त्यांच्याच घोगऱ्या आवाजात! पाठोपाठ आईचं, पडद्याआडच्या स्वयंपाकघरातलं: "ह्या आत्याबाई तिसऱ्यांदा पोहे मागतायत. आता पातेलंच देऊ का?"

आत्याबाई उठल्या आणि दारात चपला शोधू लागल्या. ताई रडवेली झाली. वडिलांनी मला त्या क्षणी मनातल्या मनात दत्तक देऊन टाकलं असावं.

तेवढ्यात मुलाने विचारलं, "माझं काही लिहिलंय का?"

थांबायची अक्कल असती तर इथवर आलो असतो का? ताई पाणी द्यायला आली तेव्हाचं त्याच्या आवाजात वाचलं, "पोह्यांत मीठ जास्त झालंय, पण मी बोलणार नाही." मग ताईच्या आवाजात, "मग आयुष्यभर नाही बोलायचं. चालेल?" परत त्याच्या, "चालेल."

आत्याबाई एका पायात चप्पल घालून थबकल्या. "खारट? माका तर बरे लागले," म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या. आईने मुकाट्याने पातेलं आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

चार वर्षांनी माझ्यासाठी मुलीकडची मंडळी आली. "मुलाच्या अंगात काही कला वगैरे?" त्यांनी विचारलं.

"काहीच येत नाही त्याला," वडील म्हणाले.

लग्न त्याच बैठकीत ठरलं.