पहाटे पाचचा वाचक

आमच्या वहिनीचं काम कुणी नावाजत नाही, कारण ते नीट चाललेलं असलं की कुणाला दिसतच नाही. शहर बससेवेच्या कचेरीत, जिन्याखालच्या खोलीत बसून ती वेबसाइट सांभाळते. कुठली गाडी किती वाजता, हे लोक फोनवर बघतात ते हिच्या जिवावर. स्वभाव हसरा, पण कामात कुणी लुडबुड केली की नाकाचा शेंडा लाल होतो. मी तिचा धाकटा दीर, त्यामुळे तो शेंडा मी पुष्कळदा जवळून पाहिला आहे.

गेल्या वर्षी तिने वेळापत्रक आपल्या भाषेतही आणलं. तोवर ते फक्त कचेरीच्या भाषेत होतं, आणि ती धड कचेरीतल्यांनाही कळत नसे. मदतीला होते बाबा, म्हणजे तिचे सासरे. पस्तीस वर्षं त्यांनी याच बसमध्ये तिकिटं फाडली, तेव्हा प्रवासी काय विचारतो आणि कसं विचारतो हे त्यांना तोंडपाठ. रोज जेवणं झाली की सासरा-सून टेबलाला चिकटत आणि भांडी माझ्या गळ्यात पडत. आठ महिने मी भांडी घासली. मोठे साहेब मात्र पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होते, की हे वाचणार कोण.

आता कुणाला कुठल्या भाषेत पान द्यायचं, हे विचारत बसावं लागत नाही. प्रत्येकाच्या फोनमध्ये भाषांचा क्रम ठरलेला असतो, आणि पान मागताना ब्राउझर तो आपणहून सांगतो: आधी ही द्या, नसेल तर ती. सर्व्हरने फक्त ऐकायचं. वहिनीचा सर्व्हर ऐकत होताच. तरी पान सुरू झालं आणि महिनाभर तक्रारींनी कचेरी डोक्यावर घेतली. परगावचे, बाहेरचे, सगळ्यांनाच पान आमच्याच भाषेत दिसू लागलं होतं. एक बाई तर चुकीच्या गाडीत बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आल्या.

सोमवारी साहेबांनी वहिनीला बोलावलं. "ही भाषा मागतंय कोण? शुक्रवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर ते पान काढून टाका," एवढंच म्हणाले. बाबांना हे कळू द्यायचं नाही, असं वहिनीने मला बजावलं, आणि बजावता बजावता तिला रडू फुटलं. मला त्या साहेबांचा असा संताप आला की विचारू नका.

दोन दिवस प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासून तिने हात टेकले. बुधवारी घरीच तिने तक्रारींच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या. अख्ख्या महिन्यात दोनच दिवस कोरे निघाले. मी चहा पिता पिता सहज म्हटलं, की तेव्हा तर बाबा आत्याकडे होते, जिथे फोनला रेंज येत नाही. वहिनी ताडकन उठली आणि बाबांकडे निघाली.

बाबांना विचारलं तर ते लाजले. रोज पहाटे पाचला, पहिली गाडी सुटायच्या वेळेला, ते फोनवर ते पान उघडत असत.

"कुणीतरी वाचतंय हे साहेबांना दिसायला नको का?" ते म्हणाले.

वहिनीने कपाळाला हात लावला आणि मग पोट धरून हसत सुटली. झालं होतं असं: सर्व्हरवर ताण नको म्हणून एकदा बनवलेलं पान बाजूला ठेवलं जातं आणि पुढच्यांना त्याचीच प्रत मिळते. हा साठा रोज पावणेपाचला रिकामा होतो, कारण तेव्हा नवं वेळापत्रक चढतं. त्यानंतरचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमचे बाबा. त्यांच्यासाठी बनलेलं पान दिवसभर सगळ्या शहराला. भाषेप्रमाणे प्रती वेगळ्या ठेव, हे साठ्याला सांगायचं वहिनी विसरली होती. बाबा नव्हते ते दोन दिवस सगळ्यांना कचेरीचीच भाषा मिळाली, पण तिची आपल्या लोकांना सवयच, तक्रार कोण करणार. थोडक्यात, जे पान जगावं म्हणून बाबा पहाटे उठत होते, त्याच्याच मुळावर ते आले होते. मग साहेबांची मुदतही त्यांना सांगावी लागली, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला.

गुरुवारी सकाळी वहिनीने ती राहिलेली एक ओळ घातली. शिवाय कुणाचा फोन कुठली भाषा आधी मागतोय, याची मोजणीही लावून दिली. शुक्रवारी दुपारपर्यंत एकही तक्रार नाही. मोजणीचा कागद साहेबांनी दोनदा वाचला आणि पान राहू द्या म्हणाले, वर बसच्या पासाचा अर्जही त्याच भाषेत करायला सांगितला. माणूस अगदीच वाईट नाही, हे मला कबूल करावं लागतं.

वहिनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. बाबा खुर्चीत बसले होते. तिने कागद त्यांच्या हातात दिला. एका दिवसात आठशे साठ जणांनी आमची भाषा आधी मागितली होती. बाबांनी चष्मा पुसून आकडा वाचला, मग मला मोठ्याने वाचायला लावला.

"आठशे साठ," ते म्हणाले. "आणि मला वाटत होतं, मी एकटाच आहे."