पुस्तकाची राख

आटपाडीच्या एसटी स्टँडवर आईनं माझी पेटी पुन्हा उघडली. लग्नाला महिना झाला होता, मी नवऱ्याबरोबर तमिळनाडूत सेलमला निघाले होते आणि पितळी डबा काही पेटीत मावत नव्हता. "पुस्तक काय चुलीवर ठिवणार हाईस व्हय?" आई म्हणाली. मी पुस्तक परत पेटीत दाबलं. डबा मागं राहिला.

शाळेत बक्षीस मिळालेली मुलांची कादंबरी होती ती. ती वाचलेलं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही. किल्ल्याच्या तळघरात तीन भावंडं अडकतात, दिवा विझतो. थोरली म्हणते, गालांना पाणी लावा. जो गाल गार पडेल, तिकडं वारा, तिकडं वाट.

आमचं गलाईचं दुकान, सोनं वितळवून शुद्ध करायचं. मागं दोन खोल्या. भट्टी पेटली की दारं बंद, पंखा बंद, कारण वाऱ्यानं सोन्याचा कण उडतो. मी गुदमरायचे. पण फोनवर कुणाला सांगणार? गावात सगळे म्हणत, पोरीनं नशीब काढलं. मग दुपारी हे बाजारात गेले की दुकानातल्या चटईवर बसून तेच पुस्तक वाचायचं.

आमच्यात दुकानातलं काही टाकत नाहीत. केर, फाटकी चटई, यांचे जुने बनियन, सगळं जाळून राखेतून सोनं काढतात. बाळंतपणाहून परतले तेव्हा यांनी माझ्या तळहातावर मोहरीहून बारीक कण ठेवला. "तुज्या पुस्तकातनं निघालं. चटईसंगं जाळलं." किती कौतुकानं सांगत होते. रीतीप्रमाणं त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला रडू आवरेना. यांना वाटलं, कण लहान निघाला म्हणून रडते.

मुलगी आता आठ वर्षांची आहे. तमिळ फाडफाड बोलते, तळघरातल्या भावंडांची गोष्ट मात्र मराठीत मागते. इतक्यांदा वाचली, पण ती पोरं बाहेर पडली का, हेच मला आता आठवत नाही. गावाकडच्यांनो, कुणी वाचली असेल तर कळवा.

परवा भट्टी चालू असताना तिनं गालांना पाणी लावलं आणि रस्त्याकडच्या दाराच्या फटीशी जाऊन बसली. "आई, वारा हिकडनं येतोय. आपलं घर हिकडंच हाय."

तिचं खरं होतं. मीही गालांना पाणी लावलं, आटपाडीच्या दिशेला तोंड केलं आणि बसून राहिले. तिकडं भिंत आहे. दोन्ही गाल उकाड्यानं एकदमच सुकले.