पहिली चढाई

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते पोलादपूरच्या शाळेतल्या माझ्या खेळाच्या सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. सरांनी मला कबड्डीच्या संघात घेतलं आणि संघातून काढायची धमकी देत देत माझ्याकडून गणित करून घेतलं. महाडच्या कॉलेजात पहिल्या दिवशी एसटीने मला घेऊन गेले तेही तेच.

पदवीनंतर मला एका संस्थेत काम मिळालं. परदेशात एकट्या पडलेल्या मुलांना फुटबॉलमधून आधार देणारा एक कार्यक्रम होता. तो दरडीत घरं गेलेल्या आमच्याकडच्या मुलांसाठी आणायचा होता. पण डोंगरातल्या वाडीत फुटबॉलला सपाट जागा कुठली? चेंडू एकदा सुटला की थेट ओढ्यात. शिवाय त्यांच्या पद्धतीत खेळानंतर मुलांनी गोलाकार बसून मनातलं बोलायचं. आमची मुलं गोलाकार बसायची आणि गवत उपटायची. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "कबड्डी घे रे. आणि पहिली चढाई सगळ्यात गप्प पोराची."

सातवीतली एक मुलगी होती. आईवडील दरडीत गेल्यापासून चुलतीकडे राहायची आणि कुणाशीच बोलत नसे. पण चढाईत ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणावंच लागतं. सुरुवातीला तिचे नुसते ओठ हलायचे. मी शिट्टी वाजवत नसे. मग हळूहळू आवाज आला, बारीक, घोगरा. भातकापणीपर्यंत तो शेतातल्या बायकांना ऐकू जाऊ लागला. एकीने विचारलं, "कुणाची गो ती?" एकदा तर चढाईवरून परत येऊन ती मला म्हणाली, "दादा, तिला पाय लागला होता माझा." मी गुण दिला.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावाने चषक ठेवतात. मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाने दरडीत गेलेल्यांच्या स्मरणार्थ मुलींचे सामने ठेवले. वाडीची इज्जत म्हणून महाडहून दोन तयारीच्या मुली आणल्या, आणि हिला संघातून काढलं.

मी मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं, "काका, ती खेळू दे. हरली तर हरली."

"आईबापाच्या नावाच्या कपात पोरीला हरवू? काय माणूस हायस तू," ते म्हणाले. "तिला आपण स्टेजवर बसवू. मान तिचाच हाय."

त्यांचं मन वाईट नव्हतं. बोलताना त्यांचे डोळे भरले होते.

तिला शाल पांघरली, हातात नारळ दिला. माईकवरून तिच्या आईवडिलांची नावं घेतली. समोर तिच्या वाडीचा संघ तिच्याशिवाय खेळला आणि जिंकला. ती नारळ मांडीवर धरून बसली होती.

त्यानंतर ती मैदानावर आली नाही. घरी गेलो तर चुलती म्हणाली, "नाय येणार ती. पोरी शालवाली म्हणून चिडवतात. म्हंतात, तुला बसून मिळतंय, तू कशाला धावतेस?"

"घरात बोलते का?"

"नाय. खेळायची तवा जरा बोलायची."

मी सरांना पत्र लिहिलं. ते असं :

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.
तुम्ही सांगितल्याप्रमाणे खेळ चालू आहे. पहिली चढाई आता दुसरी मुलगी करते. तिला गप्प म्हणता येणार नाही, पण कुणीतरी करायला हवी. संस्थेने पाठवलेला शालीचा फोटो त्या परदेशातल्या कार्यक्रमवाल्यांना फार आवडला. आणखी एका देशात ते असाच सत्कार ठेवणार आहेत. नको म्हणून मी कळवलं. उत्तरात त्यांनी आभार मानले आहेत.
काल पुन्हा त्या मुलीच्या घरी गेलो होतो. ती पाण्याला गेली आहे, असं चुलती म्हणाली. दाराआड तिचे पाय दिसत होते. मी थोडा वेळ ओटीवर बसलो आणि निघालो.
तुम्ही या म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही आलात तरी आता ती बाहेर येईल असं वाटत नाही.
आपला विद्यार्थी