दोघींची सासू

परवा मार्गासनीच्या रस्त्यावर एका शाळेतून खिचडीच्या फोडणीचा वास आला आणि सातवीतलं नाट्यवाचन आठवलं. कागद हातात धरून, जागेवर उभं राहून नाटक वाचायचं होतं. एकटी वाचताना मी अडखळायचे. कुणाबरोबर एका सुरात वाचलं की सरळ वाचता यायचं. म्हणून बाईंनी सासूची भूमिका मला आणि माझ्या मैत्रिणीला मिळून दिली होती. शाळा तपासणारे केंद्रप्रमुख वाचन पाहायला आले त्याच दिवशी मैत्रीण घरच्या भातलावणीला गेली. आज अडखळले तर पुन्हा वर्गात तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. सुनेचं वाक्य संपलं. माझ्या ओठांवर 'सू' आला आणि तिथंच अडकला. मागून एक मुलगा म्हणाला, "ढकला रं, गाडी चालू व्हईना." वर्ग हसला. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशी डाव हातात घेऊनच दारात आल्या. महिनाभर आमचा सराव त्यांनी चुलीपाशी बसून ऐकला होता. "सूनबाई, दळण कुठं हाय?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "म्हण की गं माझ्यासंगं." मी त्यांच्या सुरात सूर मिसळून वाचू लागले. शेवटच्या वाक्यापर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत. केंद्रप्रमुखांनी विचारलं, "या कोण?" बाई म्हणाल्या, "सासूच आहेत." आता बातमीसाठी अनोळखी माणसाला फोन लावते तेव्हा अजूनही पहिला शब्द अडतो आणि समोरचा "हॅलो, हॅलो" करत राहतो. मी फोन ठेवत नाही.