तीन शेठ आणि एकच आकडा

"सत्तर," तिसरे शेठ म्हणाले, आणि माझा पेन जागेवर थांबला.

पहिल्या शेठनी सत्तर सांगितले होते. दुसऱ्यांनीही सत्तर. आता नंदूशेठ, तेही सत्तर. सत्तर म्हणजे जिवंत कोंबडीचा किलोचा भाव, शेतकऱ्याला मिळणारा. पोळ्याची सकाळ होती, आतून पुरण शिजल्याचा वास येत होता, आणि मी कागदावरच्या तीन सारख्या आकड्यांकडे बघत बसलो होतो.

"शेठ, जरा कमीच वाटतो हो," मी माझ्या शुद्ध आवाजात म्हणालो.

"मंदी हाय ना साहेब. लिहा तुम्ही. सत्तर." फोन बंद.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे या तीन सत्तरांनी माझा पेन का थांबला ते कळेल. आमच्या कंपनीचं ऑफिस पुण्यात आहे. मी बुलडाण्यात, माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत. रोज सकाळी व्यापाऱ्यांना फोन करून मी भाव विचारतो आणि माझ्या आवाजात रेकॉर्ड करतो. आठ वाजता तो कॉल, जिल्ह्यातल्या नाव नोंदवलेल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या फोनवर वाजतो. मका, सोयाबीन, तूर क्विंटलवर. अंडी शेकड्यावर. कोंबडी जिवंत किलोवर.

आता भाव कुणीही वाचेल. मी तो सादर करतो. तरुणपणी गावच्या नाटकांत कामं केली, ती हौस अशी कामी आली. तूर पडली की माझा आवाज थोडा जड होतो. सोयाबीन चढलं की शेवटच्या आकड्यावर मी जरा झोका घेतो. अंड्यांच्या आधी एक छोटा पॉज असतो, कारण अंडं नाजूक असतं. जळगाव जामोदपासून दुसरबीडपर्यंत लोक मला 'भाववाले भाऊ' म्हणतात. चेहरा कुणाला माहीत नाही. आवाज सगळ्यांना पाठ.

यात एक गंमत आहे. कॉलमध्ये मी पुस्तकी मराठी बोलतो, कारण पुण्याची तशी सूचना आहे. त्यामुळे लोक ओळखतात तो पुस्तकी आवाज. एकदा धाडच्या आठवडी बाजारात मी एका बाईशी वांग्यांवरून अस्सल वऱ्हाडीत घासाघीस केली, तिनं मला चार शब्द सुनावून परत पाठवलं. जरा पुढं जाऊन मागे वळलो आणि कॉलच्या आवाजात म्हणालो, "ताई, आज वांग्यांचा भाव काय?" तिच्या हातातला तराजू हवेत राहिला. "अगं माय, भाववाले भाऊ!" वांगी फुकट मिळाली. त्या दिवशी मला समजलं की माझी मायबोली हाच माझा वेष आहे.

तर सत्तर. आमच्या धंद्यात तीन व्यापाऱ्यांचा एकच आकडा कधी येत नसतो. एकाची गाडी लांबून येते, एकाचा माल हलका असतो, एकाचं सकाळीच घरी भांडण झालेलं असतं. दोन-चार रुपये इकडंतिकडं होणारच. तिघं एका रुपयावर उभे राहिले, म्हणजे तिघांचा चहा एका टेबलावर झालेला असतो.

शिवाय दिवस कोणता? श्रावणभर आमच्याकडे कोंबडीकडे कुणी बघत नाही. पोळ्याला श्रावण संपतो आणि दुसऱ्या दिवशी कर. करीला महिन्याभराची भूक एकदम सुटते, कोंबडीच्या दुकानापुढे रांग लागते. त्यानंतर थोड्याच दिवसांत गणपती बसतात आणि पुन्हा सगळं बंद. म्हणजे वर्षातला हाच एक दिवस असा, की भाव चढलाच पाहिजे. आणि मला सांगतात मंदी!

मी पुण्याला फोन लावला. आमचे साहेब सौरभ सर. वयानं माझ्या पुतण्याएवढे, वागायला फार चांगले, आकड्यांवर माझ्याहून जास्त प्रेम.

"काका, तिन्ही सोर्स मॅच होतायत," ते खूश होऊन म्हणाले. "डेटा एकदम क्लीन आहे."

"सर, म्हणूनच तो घाण आहे."

"म्हणजे?"

"या तिघांच्या भिंतीवरची घड्याळंसुद्धा जुळत नाहीत, सर."

"ते तुमचं फीलिंग झालं, काका. आपला नियम काय? ज्या भावाला व्यवहार झाला, तो भाव. व्यापारी म्हणतायत सत्तर. तुमच्याकडे दुसऱ्या भावाचा झालेला व्यवहार आहे का?"

"नाही."

"मग आठच्या आत आणा. नाही तर सत्तर वाचा."

फोन ठेवतो तोच मंदाताईंचा आला. मंदाताई इंगळे, धाडच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या. शिवणकाम करून जमवलेल्या पैशातून त्यांनी कोंबड्यांची शेड घातली होती. लॉट, म्हणजे एका वेळी वाढवलेल्या सगळ्या कोंबड्या. त्यांचा हा पहिलाच लॉट होता. त्या अधूनमधून मला फोन करून मक्याचा भाव विचारायच्या, कारण कोंबडीचं खाद्य मुख्यतः मका. तयार कोंबडी ठेवून देता येत नाही. ती रोज खाते, आणि ती जे खाते त्याचाही भाव मीच वाचतो.

"भाऊ, आज कोंबडीले काय वाचून राह्यले तुम्ही?" त्यांचा आवाज दबका होता. "नंदूशेठची गाडी दारात उभी हाय. सत्तर म्हणते. मी नाही म्हणली, तं म्हणते, 'माह्यावर इश्वास नसन तं नको ठेवू, आठ वाजता भाववाल्या भाऊचा फोन येते, तो म्हणन तो भाव.' मी हाव म्हणली."

कट किती देखणा होता बघा! सत्तर त्यांनी मला सांगायचा, मी तो माझ्या गोड आवाजात जिल्ह्याला सांगायचा, आणि मग त्यांनीच माझ्याकडे बोट दाखवून माल उचलायचा. नाटक त्यांचं, आणि त्यातला खलनायक मी. तेही बिनपगारी.

"सत्तरनं गेला तर काय होईल, ताई?"

"खाद्याचंही निघत नाही, भाऊ. आन् आमचे हे कालपासून म्हणून राह्यले, 'ह्या लॉटले भाव नाही आला तं शेडमंदी कांदा भरतो. तू बस मशीनवर.' पहाटी येऊन शेड मोजून गेले, किती गोण्या मावतीन म्हणून."

"शेठ आता कुठं आहेत?"

"गाडीतच बसले. काचा वरती करून."

"ताई, आठ वाजेपर्यंत एकही पक्षी उचलू देऊ नका."

मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पुरण वाटत होत्या. माझा नंबर सगळ्या व्यापाऱ्यांकडे आहे, तिचा कुणाकडे नाही. मी तिचा फोन उचलला, घसा खाकरला, छाती पुढं काढली.

"माह्या फोनवरून नाटकं नाही करायचे," ती मागे न बघता म्हणाली.

तोवर रिंग गेली होती.

"हालो, नंदूशेठ का? करीसाठी माल पाह्यजे होता जी. दोन क्रेट."

"कोण बोलून राह्यलं?"

"बुलडाण्यातून. नवीन गिऱ्हाईक हाओ. माल हाय का नाही, तेवढं सांगा."

"माल कुठी हाय भाऊ! लय तेजी हाय. श्रावण सुटून राह्यला. एकशे दहा लागन."

"एकशे दहा! काऊन बाप्पा? पोळा हाय म्हणून कोंबडीलेही शिंगं फुटले का?"

शेठ हसले. "घ्याचं तं घ्या. दुपारी एकशे वीस होते."

"पाच कमी करा."

"बरं, एकशे पाच. पण पैसे आत्ता टाका. नाही तं दुसऱ्याले जाते."

मी पैसे टाकले. फोनवरूनच, सुनंदाच्याच खात्यातून. लगेच मेसेज आला: दोन क्रेट, एकशे पाचनं, पैसे मिळाले, माल दुपारपर्यंत. व्यवहार झाला!

"काय घेतलं आत्ता?" सुनंदानं विचारलं.

"पुरावा."

"किती किलो?"

"चाळीस धर."

इथं हे सांगायला हवं की आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पुरण वाटायचा आवाज वाढला.

मी पुन्हा पुण्याला फोन लावला आणि मेसेज पाठवला. सौरभ सरांनी तो दोनदा वाचला.

"काका, हे घेणारे तुम्हीच आहात?"

"सर, आपल्याकडे भावाचा कॉलम आहे. घेणाऱ्याच्या जातकुळीचा नाही."

ते हसले, पण माणूस काटेकोर. "व्यापारी जास्तीनं विकणारच ना. गाडीभाडं आहे, हमाली आहे."

"आहे. रस्त्यात मरणारा पक्षीही आहे. त्याचे दहा धरा, पंधरा धरा. पस्तीस कशाचे?"

"तुम्ही वाचणार काय?"

"दोन्ही वाचतो. सत्तरही त्यांचाच, एकशे पाचही त्यांचाच. माझं त्यात काहीच नाही, फक्त आवाज."

"नावं नकोत."

"नावं कशाला, सर? ज्याचं त्याला कळतं."

"करा," ते म्हणाले. साहेब असावा तर असा.

मी रेकॉर्डिंगला बसलो. मका वाचला, सोयाबीन वाचलं, तूर वाचली, सगळं सपाट, सरकारी. अंड्यांना नेहमीचा पॉज दिला. मग कोंबडीच्या आधी असा थांबलो, की ऐकणाऱ्याला वाटावं फोन बंद पडला. मग म्हणालो, "जिवंत कोंबडी. व्यापाऱ्यांनी सांगितलेला खरेदीचा भाव, किलोला सत्तर रुपये." आणखी एक पॉज. "व्यापाऱ्यांनी आज सकाळी केलेल्या विक्रीचा भाव, किलोला एकशे पाच रुपये." आणि शेवटी, पदरचं म्हणून, "पोळ्याच्या शुभेच्छा."

आयुष्यात इतकी चांगली संवादफेक मी रंगमंचावरही केली नाही.

पुढचं मंदाताईंनी सांगितलं, आणि मी ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकलंय. त्यांनी फोन स्पीकरवर लावला होता. नंदूशेठ गाडीतून उतरून, हात मागं बांधून, शांतपणे ऐकत उभे होते. सत्तरला त्यांनी मान डोलावली. एकशे पाचला मान जिथं होती तिथंच राहिली.

"शेठ," मंदाताई म्हणाल्या, "तुम्हीच म्हणले होते, फोनवर येईन तो भाव. फोनवर तं दोन आले. यातला मोठा माहा."

"अवो ताई, तो विक्रीचा हाय!"

"मंग मी काय करून राह्यली? विकूनच तं राह्यली!"

शेठना गाडी रिकामी न्यायची सोय नव्हती, कारण करीचा माल त्यांनी आधीच लोकांना विकून ठेवला होता, त्यात माझे दोन क्रेट. बरंच ओढूनताणून पंच्याण्णववर तुटलं. मंदाताईंचे यजमान, जे कांद्याच्या गोण्यांसाठी शेड मोजून गेले होते, ते शेवटी कोंबड्यांचं वजन मोजायला काट्याशी बसले. तोवर माझा फोन खणखणायला लागला होता. आजूबाजूच्या गावांतले कोंबडीवाले एकच विचारत होते, "भाऊ, दुसरा भाव पुन्हा सांगा."

दुपारी आमच्या गल्लीत सजवलेले बैल येतात. सुनंदा ओवाळणीचं ताट आणि पुरणपोळ्या घेऊन दारात उभी होती. घुंगरांचा आवाज येईल म्हणून ती कान देऊन होती, आणि आला कलकलाट. दारात टेम्पो थांबला आणि माणसानं दोन क्रेट उतरवले. मंदाताईंच्याच शेडमधल्या कोंबड्या. शेठनी त्या मला विकल्या, तेव्हा त्या तिथं निवांत दाणे टिपत होत्या.

"पोळा बैलाचा राह्यते," सुनंदा म्हणाली. "कोंबड्याचा नाही."

एवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. नंदूशेठ. तिनं तो माझ्यापुढे धरला, जणू मेलेला उंदीर.

"माल पोचला का भाऊ?" शेठचा आवाज थकलेला होता.

मला वऱ्हाडीत बोलता आलं असतं. पण एवढ्या मोठ्या नाटकाला शेवटचा प्रवेश नको? मी श्वास घेतला आणि कॉलच्या आवाजात म्हणालो, "हो, माल व्यवस्थित पोचला. धन्यवाद."

पलीकडे शांतता. मी पॉजमध्ये तज्ज्ञ आहे. हा फार उंची पॉज होता.

"...भाववाले भाऊ?"

"नमस्कार! ऐका आजचे बाजारभाव."

"लय पोचलेले हा बाप्पा तुम्ही!" शेठ ओरडले, आणि मग, काय सांगू, हसायला लागले. व्यापारी हरला की रागावतो, पण सफाईनं हरला की दाद देतो. ते अजूनही मला भाव सांगतात. फक्त आधी विचारतात, "घेणारे म्हणून विचारून राह्यले, का वाचणारे म्हणून?"

कोंबड्या मी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याला घेतल्या भावानं देऊन टाकल्या. एक रुपया नफा नाही, एक रुपया तोटा नाही. मंदाताईंच्या शेडमध्ये त्यानंतर पुढचा लॉट भरला. कांदा अजून बाहेरच आहे. आणि आमच्या कॉलमध्ये तेव्हापासून कोंबडीचे दोन भाव जातात, खरेदीचा वेगळा, विक्रीचा वेगळा. सौरभ सर त्याला नवीन फीचर म्हणतात. म्हणोत.

मी यातून शिकलो ते एवढंच: व्यापाऱ्याला भाव विचारू नये. त्याच्याकडून माल घ्यावा, भाव आपोआप कळतो. पण घेण्याआधी, फोन ज्याचा आहे त्याला विचारावं.