आकाशगंगेची कड

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय? रेघ जराशी वर ओढली, एवढंच. पण तुम्ही ऐका.

दहाएक वर्षांपूर्वी, छप्पन-सत्तावन्न साली, अमरावतीच्या कॉलेजात मी आणि वलगावचा वामन एकाच सरांच्या हाताखाली काम करायचो. सरांनी परदेशातल्या रेडिओ दुर्बिणीचे आलेख आणले होते, गुंडाळ्याच्या गुंडाळ्या. दुर्बीण आकाशगंगेच्या तबकडीवरून आडवी फिरली, की हायड्रोजन वायूचा उंचवटा कागदावर उमटायचा. त्याखाली नजरेनं शून्याची रेघ ओढायची आणि रुंदी मोजायची; तीच तबकडीची जाडी. रेघ वर सरकली, की जाडी कमी भरते. म्हणून सरांचा शिरस्ता – दोघांनी एकमेकांना न दाखवता मोजायचं. दोन्ही हातांची मापं जुळली तरच आकडा खरा.

वामनची तबकडी कडेला जाड आली, बिघडलेल्या भाकरीसारखी. सर भडकले. ती सगळीकडे सारखीच पातळ, असं ते स्वतः शिकवत आले होते. ज्याला साधी रेघ ओढता येत नाही त्याचं इथे काम नाही, म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

माझीही कडेला जाडच आली होती. तेवढंच तर सांगायचं होतं! पण परदेशी पाठवायला सर एकाचीच शिफारस करणार होते – आणि मी भेकड. सारखीच पातळ आली, असं सांगून मोकळा झालो. दुपारी बसून सगळ्या रेघा वर ओढल्या.

संध्याकाळी सायकल हातात धरून वामननं विचारलं, "खरं सांग गड्या, तुले काहीच जाड नाही दिसलं काय?"

"नाही."

त्यानं मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला त्यानं – स्वतःवरचा काढून घेऊन.

तो परतवाड्याला शाळामास्तर झाला. मी परदेशी जाऊन आलो, अकोल्यात प्राध्यापक झालो. तबकडी कडेला खरंच जाड असते, हे दुसऱ्यांनी छापलेलं मी तिकडेच वाचलं होतं. त्याला कळवलं का? नाही.

यंदा एप्रिलात तो अकोल्याला बहिणीकडे आला होता. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्या घरी आला. गुणांच्या बेरजा तपासून हव्या होत्या. दरवर्षी कोणाकडून तरी तपासून घेतो, म्हणाला.

"माह्या हाताचा भरोसा नाही गड्या. एकदा तू पाह्य."

मी पाहिल्या. एकही बेरीज चुकलेली नव्हती. तेवढंच त्याला सांगितलं.